समुद्र विचारत आलेला पाहुणा

आमच्या मिनेझावाच्या स्टेशनबाहेर त्या काळी एकच टॅक्सी उभी असायची. काळी, लांबुडकी, आणि इतकी पुसूनपासून ठेवलेली की मागचे बर्फाचे डोंगर तिच्या टपावर अख्खे दिसायचे. ती चालवायची मोमोसे हिसाए, आणि तिच्या शेजारच्या सीटवर बसायची तिची सासू, तोयोबाई.

नियमाने टॅक्सीत असं घरचं माणूस घेऊन हिंडता येत नाही. पण हे तोयोबाईंना सांगणार कोण? ठाण्यातल्या पोलिसाला त्यांनी लहानपणी आपल्या पर्सिमनच्या झाडावरून कान धरून खाली उतरवलं होतं. तो टॅक्सी दिसली की अजूनही कानाला हात लावायचा आणि दुसरीकडे बघायचा.

हिसाए मूळची वरच्या वाडीतली. तिथे डोंगरातून झिरपणाऱ्या गार पाण्यात वासाबी, ते नाकात झिणझिण्या आणणारं तिखट मूळ, पिकवतात. बारा महिने त्या पाण्यात हात घालून तिच्या माहेरच्या बायकांचे हात लालभडक झालेले असत. लग्न होऊन किल्ल्याखालच्या गावात आली तेव्हा तिला सगळ्यात जास्त आनंद कशाचा झाला असेल तर गरम पाण्याच्या नळाचा. नवरा एइजी टॅक्सी चालवायचा. भला माणूस, पण तोंडाला कुलूप. दिवसभर गिऱ्हाइकांचं ऐकायचं आणि घरी येऊन आईचं ऐकायचं, एवढंच त्याचं बोलणं. मूलबाळ झालं नाही. एका शरद ऋतूत, गाडी धुता धुता, छातीत कळ येऊन तो गेला.

हिसाए तेव्हा चाळिशीला आलेली. लोक म्हणाले, आता ही माहेरी जाईल, म्हातारी एकटी पडेल. हिसाएनेही सामान बांधायला घेतलं होतं असं म्हणतात. त्या दिवशी तोयोबाई गाडीची किल्ली घेऊन तिच्या समोर येऊन बसल्या.

"रडून झालं का?"

"नाही अजून," हिसाए म्हणाली.

"मग राहिलेलं नंतर रड. आधी गाडीत बसून बघ, पाय पोचतो का."

पाय पोचत होता. पाठीमागे उशी लावून का होईना, पोचत होता. परवाना मिळवला, परीक्षा दिल्या. पहिल्याच दिवशी गाडी मागे घेताना खंदकाच्या काठावर नेऊन अशी टेकवली की पाण्यातले हंस ओरडत किल्ल्याच्या दगडी पायथ्यावर चढले. बाजारातले पुरुष हसून हसून लोळले. "बाईच्या हातात चाक आणि हंसांच्या जिवाला धाक!" असं कुणीतरी म्हणालं, ते वर्षभर चालू राहिलं. तोयोबाईंनी दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या सीटवर बैठक मारली. "कोण हसतंय ते मला काचेतून बघायचंय," म्हणाल्या. हसणारे बंद झाले, पण बाई काही उतरल्या नाहीत. हिसाएला गप्प गप्प गाडी चालवायची सवय आणि तोयोबाईंना बोलल्याशिवाय श्वास घेता येत नाही, त्यामुळे जोडी छान जमली. किल्ला बघायला आलेल्या पाहुण्यांना त्या किल्ल्याच्या गोष्टी सांगायच्या. गोष्ट दर फेरीला बदलायची. सकाळच्या पाहुण्यांना सांगितलेली राजकन्या दुपारच्या पाहुण्यांपर्यंत म्हातारी स्वयंपाकीण झालेली असायची. खऱ्याखोट्याची चौकशी कुणी केली नाही. उतरताना लोक हसत उतरायचे, आणि हिसाएला वाटायचं, चला, आजचाही दिवस बरा गेला.

अशी दहाएक वर्षं गेली. त्यानंतरची ही गोष्ट.

मे महिना होता. डोंगरावरचा बर्फ वितळायला लागला की मधल्या शिखरावर काळ्या कातळाचा एक घोडा उमटतो. तो दिसला की खाली शेतकरी भाताच्या खाचरांत पाणी सोडतात. त्या सकाळी घोडा नुकता शेपटीपर्यंत पुरा झाला होता. पहिल्या गाडीने एकच उतारू उतरला. पन्नाशी ओलांडलेला, उन्हाने करपलेला, रुंद खांद्यांचा माणूस. अंगात काळा सूट, तो खांद्यावर घट्ट आणि पोटावर सैल. हातात रेशमी कापडात बांधलेलं गाठोडं. त्याने स्टेशनबाहेर येऊन आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे, मग नाक वर करून वास घेतला, आणि टॅक्सीपाशी आला.

हिसाएने आपल्या सीटशेजारची खिटी ओढून बसल्या जागेवरून मागचं दार उघडलं. माणूस आत बसला. गाडीभर धुराचा आणि मासळीचा वास पसरला.

"कुठे जायचं?" हिसाएने विचारलं.

"किल्ल्याखाली चहाचं दुकान आहे ना, तिथे. पण बाई, एक विचारू का? समुद्र कुठल्या बाजूला आहे?"

हिसाएने आरशात बघितलं. माणूस चेष्टा करत नव्हता.

तोयोबाई मागे वळल्या. "समुद्र? तो काय समोर उभा आहे. यंदा थंडी फार पडली, म्हणून लाटा तशाच गोठून राहिल्यात."

माणसाने डोंगरांकडे बघितलं आणि कसनुसं हसला. "रात्रभराच्या गाडीने आलो, आजी. झोप नीट झाली नाही. जाग आली तर सगळीकडे डोंगर. म्हटलं, पलीकडच्या अंगाला असेल समुद्र."

"आहे ना, पलीकडेच आहे," तोयोबाई म्हणाल्या. खोटं काहीच नव्हतं. डोंगरापलीकडे कुठेतरी समुद्र असतोच.

हिसाएला हे बोलणं विचित्र वाटलं, पण गिऱ्हाइकाला उलट प्रश्न विचारायची तिची पद्धत नव्हती. ती पद्धत सासूची होती.

"एवढा सूटबूट घालून चहा प्यायला निघालात?" तोयोबाईंनी सुरुवात केली.

माणूस लाजला. एवढा करपलेला चेहरा, पण लाल झालेला दिसला. "मामीने ठरवलंय. एक बाई यायच्यात भेटायला."

"असं!" तोयोबाईंनी सीटवर बसल्या बसल्या पाऊण वळण घेतलं. "म्हणजे मुलगी बघायला आलात म्हणा की."

"मुलगी कसली, आजी. त्यांचं वय अठ्ठेचाळीस, माझं चौपन्न. जुनं सामान बघायला जुनं सामान आलंय."

तोयोबाई एवढ्या खूश झाल्या की त्या दिवशी किल्ल्याची गोष्ट सांगायचीच विसरल्या. दुकानापर्यंत त्यांनी त्याची सगळी कुंडली काढून घेतली. नाव तानिवाकी शिगेओ. दक्षिणेकडच्या तोसाच्या किनाऱ्यावरचा. तरुणपणी कात्सुओ मासळीच्या बोटीवर, खांदा निखळल्यापासून तीच मासळी धुरावर सुकवून लाकडासारखी कडक करायच्या शेडमध्ये. लग्न राहून गेलं. आधी समुद्रामुळे आणि मग आजारी आईमुळे. आई आदल्या वर्षी गेली, आणि मामी पाठीशी लागली.

चहाच्या दुकानापाशी तो उतरला. टाय सरळ केला, गाठोडं दोन्ही हातांत धरलं आणि पडद्याखालून वाकून आत गेला.

"गुणी वाटतो," तोयोबाई म्हणाल्या. "कोण बाई असेल गं आपल्याकडची? अठ्ठेचाळीस वर्षांची, बिनलग्नाची?"

"मला काय ठाऊक, आई."

"टॅक्सी चालवतेस आणि गावात काय चाललंय ते ठाऊक नाही!"

पुढची फेरी एका म्हाताऱ्या जोडप्याची होती. ती आटपून परत येताना तोयोबाईंनी हिसाएला गाडी मुद्दाम खंदकाच्या रस्त्याने घ्यायला लावली. खिडकीतून तो दिसत होता. एकटाच, ताठ बसलेला, समोर चहाचे दोन पेले. त्याच्यापुढची फेरीही तिकडूनच घेतली. तो तसाच. पेल्यांतून आता वाफही निघत नव्हती.

तोयोबाई संतापल्या. "कोण ती टवळी! माणूस रात्रभर प्रवास करून आलाय आणि हिला दोन पावलं चालवत नाही? थांबव गाडी."

"आई, आपला काय संबंध?"

"थांबव म्हणते ना! लाज आपल्या गावाची जाते."

दोघी आत गेल्या. दुकान ओफुजीबाईंचं. त्या गल्ल्यामागून डोळ्यांनी खुणा करत होत्या, की बिचाऱ्याने अजून खाल्लंही नाही काही. तोयोबाई थेट त्याच्या समोरच्या जागेवर जाऊन बसल्या.

"नाव सांगा तिचं. मी जाऊन हात धरून घेऊन येते."

"नको हो आजी, काही अडचण आली असेल."

"नाव!"

"कुसुनोसे यासुको."

तोयोबाईंनी ओफुजीबाईंकडे बघितलं, ओफुजीबाईंनी हिसाएकडे. कुसुनोसे नावाचं घर मिनेझावात नव्हतं. हिसाएने उभ्या आयुष्यात त्या नावाचं गिऱ्हाईक नेलं नव्हतं.

"राहतात कुठे त्या?" हिसाएने हळूच विचारलं.

"बंदराच्या मागे. मामी म्हणाली, चहाच्या दुकानातून बंदरातल्या बोटी दिसतात." त्याने खिडकीबाहेर बघितलं. खिडकीतून खंदक दिसत होता, त्यात दोन हंस होते. "मघापासून मी त्या बोटीच शोधतोय."

हिसाएच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. शाळेत असताना नकाशात दाखवलं होतं त्यांना: देशात मिनेझावा नावाचं आणखी एक गाव आहे, तिथेही किल्ला आहे, पण तो समुद्रकाठी. तेव्हा वर्गातल्या सगळ्यांना फार राग आला होता, आमचं नाव चोरलं म्हणून.

"तानिवाकीसान," ती म्हणाली, "तुम्ही तिकीट काढताना नुसतं मिनेझावाच म्हणालात का?"

"हो. आणखी काय म्हणायचं?"

"मग तुम्ही मिनेझावालाच आलात. पण हे मिनेझावा ते नव्हे. त्या मिनेझावाला जायला इथून अख्खा दिवस लागतो."

 माणसाने हिसाएकडे बघितलं, मग डोंगरांकडे, मग दोन गार पेल्यांकडे. त्याचा चेहरा पडला. आणि एकदम तो हसायला लागला. आधी खांदे हलले, मग टेबल हललं. "म्हणून समुद्र उभा होता!" असं म्हणून तो डोळे पुसायला लागला. तोयोबाईंना हसू आवरेना, ओफुजीबाई तर गल्ल्याखाली बसल्या. हिसाए तोंडावर हात ठेवून उभी होती, पण हातातून हसू निसटत होतं.

ओफुजीबाईंच्या दुकानातला फोन लावला. मामीचा आवाज एवढा दणदणीत, की तानिवाकीने फोन कानापासून हातभर लांब धरला तरी दुकानभर ऐकू येत होतं.

"मेल्या, कुठे तडफडलायस?"

"मिनेझावात, मामी."

"मिनेझावात? ती बाई कधीची ताटकळून घरी गेली!"

"दुसऱ्या मिनेझावात. डोंगरातल्या."

 मग मामीने जे तोंड सोडलं, त्यातला थोडाच भाग इथे सांगण्यासारखा आहे. "बोटीवर होतास तेव्हा तारे बघून अर्धा समुद्र पार करायचास, आणि आता जमिनीवर एक स्टेशन सापडत नाही?" एवढं पुरे. यासुकोबाईंचा निरोप मात्र मजेचा होता. त्या म्हणे वाट बघून दोघांच्या वाटचा खाऊ एकट्याने संपवून गेल्या, आणि जाताना म्हणाल्या, राग नाही, पण ज्याला समुद्र आणि डोंगर यातला फरक कळत नाही तो नवरा मला नको.

"सुटली बिचारी," तानिवाकी फोन ठेवून म्हणाला, आणि खरं सांगायचं तर तोही सुटल्यासारखा दिसत होता.

परतीची गाडी दुपार टळल्यावर होती. तोवर काय करायचं, हे तोयोबाईंनी ठरवलं.

"एवढ्या लांब येऊन किल्ला न बघता जाणार? हिसाए, घेऊन जा वर. माझे गुडघे नाहीत चढायचे."

"आई, गाडी कोण बघणार?"

"मी बसते चाकापाशी. कुणी आलं तर सांगेन, चालक वर गेलीय, मुलगी दाखवायच्या कार्यक्रमाला."

"आई!"

हिसाए लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर किल्ल्यात गेली नव्हती. आपल्याच दारातला किल्ला, कोण चढतंय रोज? चपला काढून, मोज्यांवर आत गेलं की पहिल्या मजल्यावर जुन्या लाकडाचा गार वास येतो. आणि मग जिने. आमच्या किल्ल्याचे जिने म्हणजे शत्रूसाठीच केलेले. इतके उभे, की पुढच्याची टाच आपल्या नाकाशी येते. तानिवाकी बोटीवरची शिडी चढावी तसा सरसर वर गेला. हिसाए अर्ध्यावर अडकली. वर जाववेना आणि खाली बघवेना.

"हात द्या," वरून आवाज आला.

"खांदा निखळलेला आहे ना तुमचा?"

"तो दुसरा."

तिने हात दिला. वासाबीच्या पाण्याने लाल झालेला हात चाकाने जाड झाला होता, त्याचा दोरखंडाने. दोन खरखरीत हात एकमेकांना लागले आणि दोघांनाही आपापल्या हातांची थोडी लाज वाटली. वर पोचेपर्यंत त्यांनी हात सोडले होते.

सगळ्यात वरच्या मजल्यावर चारी बाजूंना खिडक्या. तानिवाकी पश्चिमेच्या खिडकीपाशी गेला आणि उभा राहिला. खाली सगळी खाचरं पाण्याने भरलेली. रोपं अजून लावलेली नव्हती, त्यामुळे नुसतं पाणीच पाणी, गावापासून डोंगराच्या पायापर्यंत. त्यात बर्फाची शिखरं उलटी पडलेली, आणि वारा आला की ती सगळी थरथरायची.

"घ्या," हिसाए म्हणाली. "विचारत होतात ना, समुद्र कुठे म्हणून."

तो चौकटीवर हात ठेवून बाहेर वाकला. मग म्हणाला, "एवढा शांत समुद्र मी कधी बघितला नाही."

हिसाएने त्याला शिखरावरचा घोडा दाखवला. त्याला काही केल्या दिसेना. त्याला तिथे मासा दिसत होता. "हे बघा, ही शेपटी, हा पर." ती म्हणाली, अहो, ते पाय आहेत. तो म्हणाला, पाय कसले, कात्सुओच आहे तो, ताजा. यावर दोघं लहान मुलांसारखी भांडली. मग त्याने एकदम विचारलं, "गाडी चालवायला भीती नाही वाटली सुरुवातीला?"

तिला हे कुणी विचारलंच नव्हतं कधी. लोक हसले होते, नंतर त्यांना सवय झाली होती, मधलं काही कुणी विचारलं नव्हतं. ती बोलायला लागली. हंसांचं सांगितलं. पहिल्या हिवाळ्यात घाटात गाडी घसरली तेव्हा गाडी थांबवून मोठ्याने रडली होती, ते सांगितलं. ते तर तोयोबाईंनाही ठाऊक नव्हतं. तो ऐकत राहिला. मध्ये एकदाच म्हणाला, "वादळात आम्हीसुद्धा रडायचो. इंजिनाच्या आवाजात ऐकू जात नाही, एवढंच."

हिसाए खदखदून हसली. खाली गाडीत बसलेल्या तोयोबाईंना ते ऐकू गेलं, असं त्या शेवटपर्यंत सांगायच्या. एवढ्या उंचावरून ऐकू येणं शक्य नाही. पण त्यांच्या गोष्टींचं तसंच असायचं.

खाली आल्यावर जेवण मोमोसेंच्या घरीच, हेही ठरलेलं होतं. तोयोबाईंनी सोब्याच्या, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या, शेवया काढल्या, पाल्याचं लोणचं काढलं. तानिवाकीने गाठोडं उघडलं. आत लाकडी पेटी, पेटीत गडद, कडक, लाकडाच्या ढलपीसारखी सुकवलेली कात्सुओ मासळी. त्याच्या हातची, महिनोन्महिने धुरावर ठेवलेली.

"ही त्या बाईंसाठी आणली होती," तो म्हणाला. "आता परत नेली तर मामी माझाच कीस काढेल. त्यापेक्षा हिचा काढू."

त्याने पेटीतला रंधा घेतला आणि कीस पाडायला लागला. पातळ, गुलाबी, फुलासारखा कीस. तो उकळत्या पाण्यात पडला आणि घरभर वास सुटला. डोंगरात आम्हाला बाजारचा तयार कीस मिळायचा, कधीचा सुकून पांढरा पडलेला. तोयोबाईंनी वाटी तोंडाला लावली आणि पूर्ण रिकामी होईपर्यंत खाली ठेवली नाही. मग वाटी पुढे केली. पुन्हा रिकामी केली.

"ऐंशी वर्षं मी काय पीत होते मग?" त्यांनी विचारलं.

गाडीच्या वेळेला दोघींनी त्याला स्टेशनावर सोडलं. हिसाए मीटर लावायला विसरली, तोयोबाईंनी आठवण केली नाही. त्याने फलाटावरून अनेकदा वाकून नमस्कार केला, आणि गाडी सुटल्यावर खिडकीच्या काचेवर डोकं आपटेपर्यंत वाकत राहिला.

"पुढच्या वेळी तिकीट नीट काढ रे बाबा!" तोयोबाई ओरडल्या.

त्यानंतर तोसाहून किसाचे डबे यायला लागले, आणि डबा पोचला की नाही हे विचारायला फोन यायला लागले. सुरुवातीला फोन तोयोबाई घ्यायच्या. मग त्यांना फोनच्या वेळेला नेमकं न्हाणीघरात जायची सवय लागली. हिसाए म्हणायची, पाच मिनिटं बोलले. तोयोबाईंची आंघोळ मात्र तासाची व्हायची, आणि हातापायांना सुरकुत्या पडायच्या.

शरदात, किल्ल्याच्या आवारातले मेपल लाल झाले तेव्हा, तो पुन्हा आला. तोच सूट, पण या वेळी खांद्यावर उसवून सैल करून घेतलेला. टॅक्सीत बसला आणि म्हणाला, "समुद्र कुठे आहे, बाई?" हिसाएचे कान लाल झाले. तोयोबाईंनी त्या फेरीत एक शब्द काढला नाही. गावात ही बातमी संध्याकाळपर्यंत पसरली, की तोयोबाई गप्प आहेत, काहीतरी नक्की आहे.

हिसाए मात्र अडून बसली. घरी आल्यावर स्वयंपाकघरात सासूला म्हणाली, "आई, मला कळतंय तुमचं काय चाललंय. हे व्हायचं नाही. मी मोमोसेंची सून आहे. मी समुद्राकाठी जाणार नाही. गाडी सोडणार नाही. आणि तुम्हाला तर मुळीच नाही."

"माझं मी बघेन," तोयोबाई म्हणाल्या. "आधी एइजीशी बोलते."

त्या घरातल्या गेलेल्यांच्या देव्हाऱ्यापुढे जाऊन बसल्या. घंटी वाजवली, उदबत्ती लावली, बराच वेळ पुटपुटल्या. बाहेर आल्या.

"विचारलं त्याला."

"मग?"

"गप्प बसला. जिवंतपणीही होकार असला की तो गप्पच बसायचा. नाही म्हणायचं असलं तर खोकायचा." मग त्यांचा आवाज बदलला. "अगं, माझा मुलगा गेला तेव्हा तू जाऊ शकली असतीस. गेली नाहीस. मी किल्ली दिली ती काही तुझ्यावर उपकार म्हणून नव्हे. मला एकटीला राहायची भीती वाटत होती म्हणून दिली. आता मी किती दिवसांची? मी गेल्यावर त्या सीटवर कोण बसणार?"

हिसाएने भाताचं भांडं खाली ठेवलं. त्या दोघी कधी एकमेकींना जवळ घेत नसत, ती आमच्याकडची रीतच नाही. तिने सासूच्या खांद्यावरचं नसलेलं धाग्याचं टोक काढून टाकलं.

बाहेरच्या खोलीत तानिवाकीने सगळं ऐकलं होतं. आमच्या घरांच्या भिंती कागदाच्या, त्यात तोयोबाईंचा आवाज. तो गुडघ्यांवर बसला होता.

"हिसाएसान," तो म्हणाला, "मी तुम्हाला न्यायला नाही आलो. मला इथे राहता येईल का, ते विचारायला आलो. मला गाडी येत नाही. शेती येत नाही. मासळी धुरवता येते, आणि कुणी बोलत असलं तर ऐकता येतं."

"डोंगरात मासळी कुठून आणणार?" हिसाएने विचारलं.

"मामी पाठवेल. मला हाकलायला ती केव्हाची टपली आहे."

पुढच्या वसंतात, चेरी फुलल्यावर, लग्न झालं. देवळातून घरी येताना प्रश्न पडला, नवरानवरीची गाडी चालवायची कुणी? नवऱ्याला येत नाही, आणि हिसाए आपली गाडी दुसऱ्याच्या हातात देईना. शेवटी नवरीच चाकापाशी बसली. पांढऱ्या किमोनोच्या बाह्या दोरीने मागे बांधल्या, डोक्यावरचा पांढरा पडदा टपाला लागत होता म्हणून काढून तोयोबाईंच्या मांडीवर ठेवला. नवरा मागे, गिऱ्हाइकासारखा. खंदकाला एक फेरी मारली. बाजारातले जे पुरुष तेव्हा हसले होते तेच आता दुकानांच्या दारांत उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि कानाला हात लावणारा पोलीस चौकात सलाम ठोकून उभा होता. जेवणाला समुद्राकडच्या मिनेझावाहून कुसुनोसे यासुकोही आल्या होत्या. जाड भिंगांचा चष्मा, मोठ्ठं हसू. "म्हटलं, मी काय सोडलंय ते एकदा बघून घ्यावं," म्हणाल्या. त्यांनी आणि मामीने मिळून साकेची, तांदळाच्या दारूची, एक अख्खी सुरई संपवली आणि दोघी तोयोबाईंच्या घरी आठवडाभर मुक्काम ठोकून राहिल्या.

तानिवाकीने मागच्या अंगणात छोटी धुराची खोली बांधली. पहिले काही दिवस शेजारी आग लागली म्हणून बादल्या घेऊन धावत यायचे. मग त्याच्या किसाचं सार ओफुजीबाईंच्या दुकानात मिळायला लागलं आणि सोबा खायला लोक रांगा लावायला लागले. तोयोबाई पूर्वीसारख्याच पुढच्या सीटवर. फरक एवढाच, की किल्ल्याच्या गोष्टीत आता राजकन्येला न्यायला एक कोळी येऊ लागला.

पहिल्या हिवाळ्यात मात्र त्याची कसोटी लागली. रात्रभर बर्फ पडला आणि सकाळी छपरावर कमरेएवढा थर. आमच्याकडे तो उतरवावा लागतो, नाहीतर घर करकरतं. तानिवाकी फावडं घेऊन वर चढला. खालून तोयोबाई छत्री घेऊन हुकूम सोडत होत्या.

"डावीकडचं आधी काढ! अरे, बोट चालवतोस का? पाय रोवून उभा राहा!"

"रोवलेत, आई!"

तेवढ्यात हिसाए पहिल्या फेरीत घरासमोरून जाताना थांबली, गाडीत एक गिऱ्हाईक होतं. तिने काच खाली करून वर बघितलं, आणि त्याने तिला हात करायला फावडं सोडलं. पायाखालचा सगळा थर सुटला. तो त्या बर्फासकट, पाठीवर, छपरावरून घसरत खाली आला आणि अंगणातल्या ढिगात नाहीसा झाला. हिसाएच्या तोंडून किंकाळी फुटली. गाडीतलं गिऱ्हाईकही उतरून धावलं. ढिगाऱ्यातून आधी एक हात बाहेर आला, मग भिवयांपर्यंत पांढरं झालेलं डोकं.

"कुठे लागलं?" हिसाए बर्फ उकरत ओरडली.

"कुठेच नाही," तो धापा टाकत म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "हिसाए, हे तर लाटेवरून येण्यासारखंच आहे. मी पुन्हा चढू का?"

तोयोबाईंनी छत्री मिटली. "आधी गिऱ्हाइकाला सोडून ये गं," त्या सुनेला म्हणाल्या, "याला मी बघते. आणि तू रे, चढ. उजवी बाजू अजून राहिलीय."